आई-बाबांना युरोपला नेतेय: प्रवास विमा कोणता घ्यावा, आणि बाबांच्या स्टेंटचं काय?

कृष्णकमळ

नमस्कार मंडळी. सप्टेंबरमध्ये आई-बाबांना घेऊन अठरा दिवस स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया आणि उत्तर इटली करायचं ठरलंय. दोघांचीही पहिलीच परदेशवारी. तिकिटं झाली, राहायची सोय झाली. विम्याचं मात्र तीन आठवडे घोळतंय. रोज रात्री जेवणं आटोपली की मी पॉलिसीची पानं उघडून बसते आणि उठताना आधीपेक्षा जास्त गोंधळलेली असते.

बाबा ७१ वर्षांचे. चार वर्षांपूर्वी त्यांना एक स्टेंट घातलाय. त्यानंतर कसलाही त्रास नाही. रोज पाऊण तास चालतात, गोळ्या वेळच्या वेळी घेतात. आई ६७ ची, बीपीची एक गोळी सोडली तर ठणठणीत. मी ४१ ची, माझी काळजी नाही.

छाननी करून तीन प्लॅन उरलेत. पहिला ५०,००० डॉलरचा, सगळ्यात स्वस्त, वर ठळक अक्षरात ‘शेंगेन व्हिसासाठी मान्य’ (शेंगेन म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा). दुसरा १ लाख डॉलरचा, हप्ता जरा जास्त, पण साठीच्या पुढच्यांसाठी खाली बारीक अक्षरात ‘मर्यादा लागू’. तिसरा परत ५०,००० चाच, हप्ता पहिल्याच्या जवळजवळ दुप्पट, कारण आधीपासूनच्या आजारामुळे जिवावर बेतलं तर १०,००० डॉलरपर्यंत देतात.

वहीत तक्ता केलाय. सामान हरवणं, सामान उशिरा येणं, पासपोर्ट हरवणं, विमान चुकणं, असे रकाने भरत गेले. काल लक्षात आलं की सामानाबद्दल माझ्याकडे नऊ रकाने आहेत आणि बाबांच्या हृदयाबद्दल एक ओळ. तेव्हा वही मिटली आणि इथे लिहायला घेतलं.

एक तर १ लाखाचा आकडा खरोखर दुप्पट संरक्षण देतो का? दुसरं जास्त नाजूक आहे: विम्याच्या अर्जात स्टेंटचं लिहायचं का? बाबा म्हणतात, “चार वर्षांत काही झालेलं नाही, मग लिहून कशाला अडचण ओढवून घ्यायची?” एजंटही फोनवर म्हणाला, अर्जातला आजारांचा रकाना कोरा सोडला तरी चालतं. मला हे अजिबात पटत नाही, पण बाबांना पटेल असं कारणही सांगता येत नाही. आणि क्रेडिट कार्डावर फुकट विमा असतो म्हणतात, तेवढ्यावर भागेल का?

ज्यांनी खरंच क्लेम केलाय त्यांनी कृपया सविस्तर लिहा. जाहिराती वाचून झाल्यात.

पायवाट

कृष्णकमळ, तुमचा दुसरा प्लॅन वाचला आणि लिहिल्याशिवाय राहवेना. आमच्याकडेही असाच मोठ्या आकड्याचा प्लॅन होता.

तीन वर्षांपूर्वी आईला घेऊन ऑस्ट्रियात होतो. ती तेव्हा ६९ ची. पाचव्या दिवशी ताप भरला, रात्री श्वास लागायला लागला. न्यूमोनिया निघाला. नऊ दिवस हॉस्पिटल, त्यातले दोन आयसीयूत. आई बरी झाली, उत्तम आहे, हे आधीच सांगतो.

विमा १ लाख डॉलरचा. मनात म्हटलं, पैशाची चिंता नाही. घरी आल्यावर क्लेमचा हिशेब आला तेव्हा मिळालेली रक्कम बिलाच्या निम्मीसुद्धा नव्हती. पॉलिसीच्या तेविसाव्या पानावर राखाडी रंगाचा एक तक्ता होता. साठीच्या पुढच्या प्रवाशांसाठी खोलीचं भाडं दिवसाला इतकंच, आयसीयूचं इतकंच, डॉक्टरच्या भेटीचे इतकेच, तपासण्यांचे सगळे मिळून इतकेच, आणि त्या सगळ्यावर एका आजाराला कमाल रक्कम. १ लाख हा आकडा पॉलिसीच्या पहिल्या पानावर होता, पण आईच्या आजाराला तो लागूच नव्हता. तिच्यासाठी खरा आकडा तेविसाव्या पानावरचा होता. यात फसवणूक काही नव्हती, सगळं लिहिलेलं होतं. मी वाचलं नव्हतं.

म्हणून पन्नास हजार की एक लाख, हे आधी बाजूला ठेवा. दोन्ही प्लॅनच्या पूर्ण पॉलिसीत तो वयाचा तक्ता शोधा. माहितीपत्रकात तो बहुतेक नसतो, पॉलिसी वर्डिंग, म्हणजे अटींचा पूर्ण मजकूर, मागवावं लागतं. तक्ताच नसलेला ५०,००० चा प्लॅन हा तक्ता असलेल्या १ लाखापेक्षा चांगला, असं मी अनुभवाने म्हणतो.

दुसरं, फोन नंबर. त्या रात्री मी पॉलिसीवरचा पहिला दिसलेला नंबर लावला. तो विक्री विभागाचा निघाला, तो कचेरीच्या वेळातच चालू. परदेशात मदत करणारी असिस्टन्स कंपनी वेगळी असते आणि तिचा चोवीस तास चालणारा नंबर वेगळा असतो, हे मला पहाटे चारला कळलं. पाच तास गेले. तोवर हॉस्पिटलने अनामत मागितली होती आणि मी कार्डाने भरली होती. ते असिस्टन्सवाले पॉलिसी क्रमांक, पासपोर्ट क्रमांक, हॉस्पिटलचं नाव, वॉर्ड, उपचार करणाऱ्या डॉक्टरचं नाव आणि त्या वॉर्डचा थेट फोन विचारतात. मग त्यांचा डॉक्टर तिथल्या डॉक्टरशी बोलतो आणि पैसे आम्ही देऊ असं हमीपत्र हॉस्पिटलला जातं. आमच्या बाबतीत त्याला दीड दिवस लागला. कॅशलेस शब्दाचा अर्थ एवढाच. दारात पाऊल ठेवलं की पैसे लागत नाहीत, असा नव्हे.

आणि डिस्चार्जच्या दिवशी घाई करू नका. आम्हाला विमान पकडायचं होतं म्हणून एकरकमी बिल घेऊन निघालो. नंतर बाबवार बिल, डिस्चार्ज पत्र, तपासण्यांचे रिपोर्ट मिळवायला आणि त्या जर्मन कागदांचं भाषांतर करून घ्यायला तीन आठवडे गेले. तिथेच काउंटरवर उभं राहून सगळं मागून घ्यायला अर्धा तास पुरला असता.

ध्रुवतारा

मी गेली अकरा वर्षं आरोग्य आणि प्रवास विम्याच्या क्लेमचं काम करतो. कुठल्या कंपनीत ते लिहीत नाही, कारण इथे कुणाचा प्लॅन विकायचा नाहीये.

आधी बाबांचा मुद्दा, कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे.

ताई, बाबांना फक्त एवढं विचारा: “तिथे छातीत दुखायला लागलं, तर डॉक्टरला स्टेंटचं सांगणार ना?” ते हो म्हणतील. म्हणायलाच हवं, कारण स्टेंट आहे आणि रक्त पातळ ठेवायची गोळी चालू आहे हे कळल्याशिवाय त्या डॉक्टरने कुठलं इंजेक्शन द्यावं हेही ठरत नाही. म्हणजे हॉस्पिटलच्या केस पेपरवर पहिल्या चार ओळींतच येणार, चार वर्षांपूर्वी स्टेंट, अमुक गोळ्या चालू. क्लेम आला की आम्ही सगळ्यात आधी तोच कागद मागवतो आणि प्रपोजल फॉर्मशेजारी, म्हणजे विमा घेताना भरलेल्या अर्जाशेजारी, ठेवतो. तिथे ‘आजार नाही’ असं असेल किंवा कोरं असेल, तर पुढचं बोलणं उपचारांबद्दल राहत नाही, खोटी माहिती दिली यावर जातं. मग प्रश्न फक्त हृदयाचा उरत नाही. पूर्ण पॉलिसीच रद्दबातल धरली जाऊ शकते. घसरून मनगट मोडलं तरी त्या क्लेमला अडथळा येऊ शकतो. अशी फाइल हातात आली की मला फार वाईट वाटतं, कारण माणूस आजारी असतो, घरचे परक्या देशात असतात आणि माझ्या टेबलावर त्यांच्याच सहीचा कागद असतो.

एजंटच्या फोनवरच्या शब्दाला इथे काही अर्थ नाही. सही बाबांची असते. एजंटला म्हणा, हेच ईमेलवर लिहून दे. बहुतेक देणार नाही.

आईच्या बीपीचंही लिहा. गोळी एकच असली तरी तो आधीपासूनचा आजारच आहे, आणि पक्षाघात, हृदयविकार, किडनी यांचा संबंध बीपीशी जोडता येतो. ‘आधीपासूनचा’ याची व्याख्या प्रत्येक पॉलिसीत वेगळी असते. कुठे मागचे सहा महिने बघतात, कुठे दोन वर्षं, कुठे आयुष्यात कधीही झालेलं. काही ठिकाणी आजार ‘स्थिर’ असावा लागतो, म्हणजे निघण्याआधी ठरावीक महिन्यांत गोळी किंवा डोस बदललेला चालत नाही. ती व्याख्या शोधा आणि बाबांच्या शेवटच्या चिठ्ठीशी ताडून बघा. निघण्याच्या तोंडावर तपासणीला गेले आणि डॉक्टरने डोस बदलला, तर कंपनीला कळवायचं का, हेही विचारून ठेवा.

आता तुमचे प्लॅन. ‘शेंगेन व्हिसासाठी मान्य’ याचा अर्थ फार छोटा आहे. शेंगेन व्हिसाचा नियम, २००९ च्या व्हिसा संहितेतलं कलम १५, सांगतो की विमा किमान ३०,००० युरोचा असावा, सगळ्या शेंगेन देशांत आणि मुक्कामाचे सगळे दिवस चालावा, आणि त्यात तातडीचे उपचार, तातडीचं हॉस्पिटल, आजारपणामुळे मायदेशी परत आणणं किंवा मृत्यू हे धरलेलं असावं. वकिलात एवढंच बघते. पायवाट यांचा तेविसाव्या पानावरचा तक्ता ती बघत नाही, बाबांचा स्टेंटही बघत नाही. तो उंबरठा आहे. त्यावरून पॉलिसी चांगली की वाईट हे ठरत नाही.

पहिल्या प्लॅनमध्ये आधीपासूनच्या आजाराला काहीच मिळणार नसेल, तर तो बाबांसाठी हृदय सोडून बाकी शरीराचा विमा आहे. तुमच्यासाठी तो पुरेसा असेल, त्यांच्यासाठी मी सुचवणार नाही. तिसऱ्यातला ‘जिवावर बेतलं तर’ हा शब्दप्रयोग नीट वाचा. याचा साधारण अर्थ असा की रुग्ण स्थिर होईपर्यंतचा खर्च मिळतो. घरी परतून करता येण्यासारखी शस्त्रक्रिया असेल तर ती धरत नाहीत. शिवाय स्वित्झर्लंडमध्ये हृदयाचे तातडीचे उपचार १०,००० डॉलरमध्ये बसतील यावर मी भिस्त ठेवणार नाही. त्यामुळे कंपनीला ही मर्यादा वाढवून मिळेल का ते विचारा. काही कंपन्या आजार नीट सांगितला, प्रश्नावली भरून दिली, की जादा हप्ता घेऊन तो आजार पूर्ण विमा रकमेपर्यंत सामील करून घेतात. मी तिघांसाठी एकच प्लॅन घेण्याचा आग्रहही धरणार नाही. तुमचा साधा, आईचा थोडा वरचा, आणि बाबांचा त्यांच्या आजाराला धरून.

एक गोष्ट लोक नेहमी वगळतात, ती म्हणजे रुग्णाला हलवणं. जवळच्या मोठ्या हॉस्पिटलात नेणं वेगळं आणि मायदेशी परत आणणं वेगळं. स्ट्रेचरवर आणायचं म्हणजे विमानातल्या अनेक सीट काढून जागा करावी लागते, सोबत डॉक्टर किंवा नर्स लागते. ही रक्कम उपचारांच्या रकमेतूनच जाते की वेगळी आहे, आणि कधी हलवायचं हे कोण ठरवतं, ते वाचा. बहुतेक पॉलिसींत ते असिस्टन्सचा डॉक्टर उपचार करणाऱ्या डॉक्टरशी बोलून ठरवतो. घरच्यांनी परस्पर तिकीट काढलं तर पैसे अडकतात. रुग्णाबरोबर थांबलेल्या माणसाचा जादा मुक्काम धरलाय का, हेही बघा. तुम्ही एकट्या दोघांना नेताय. बाबा हॉस्पिटलात असले तर आई एकटी विमानाने परत जाईल का?

बॅगवाली

आजारपणाचं वरच्या दोघांनी छान लिहिलंय. मी फक्त सामान आणि विमानाबद्दल लिहिते, कारण तुमचे नऊ रकाने तिथे आहेत आणि त्यातले निम्मे खोडता येतील.

विमान कंपनीने बॅग हरवली, फोडली किंवा उशिरा दिली तर १९९९ च्या माँट्रियल करारानुसार जबाबदारी आधी तिची असते. मर्यादा एसडीआर नावाच्या, आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या हिशेबी एककात असते आणि डिसेंबर २०२४ पासून ती प्रत्येक प्रवाशाला १,५१९ एसडीआर आहे. पण लेखी तक्रार मुदतीत लागते. फुटली असेल तर बॅग मिळाल्यापासून ७ दिवस, उशिरा आली असेल तर ती हातात आल्यापासून २१ दिवस. आणि विमानतळाबाहेर पडण्याआधी बॅगेच्या काउंटरवर पीआयआर नावाचा तक्रार फॉर्म भरून त्याची प्रत घ्यायचीच. विमा कंपनीही पहिल्यांदा तोच मागते. मी एकदा थकले होते म्हणून “उद्या फोन करू” म्हणत बाहेर पडले. बॅग तिसऱ्या दिवशी आली, पण मधे घेतलेल्या कपड्यांच्या पावत्या असूनही विम्यातून एक पैसा मिळाला नाही, कारण तो कागद नव्हता.

उड्डाण रद्द झालं किंवा तीन तासांहून उशिरा पोचलं, तर युरोपीय संघाच्या २००४ च्या २६१ क्रमांकाच्या नियमाने अंतराप्रमाणे २५०, ४०० किंवा ६०० युरो भरपाई मागता येते. तिथून सुटणाऱ्या उड्डाणांना तो कुठल्याही कंपनीच्या विमानाला लागू आहे. वादळासारखं कारण असेल तर भरपाई नाही, पण खाणं-राहणं द्यावं लागतं. म्हणून विम्यातल्या विमान उशिराच्या रकमेवर प्लॅन निवडू नका.

औषधं आणि सोन्याचे दागिने चेक-इन बॅगेत टाकू नका. दागिने, रोकड, कॅमेरा बहुतेक पॉलिसींत वगळलेले असतात किंवा दर वस्तूला छोटीशी मर्यादा असते.

कार्डावरचा विमा मी आधार म्हणून धरत नाही. तो बऱ्याचदा तिकीट त्याच कार्डावर काढलं असेल तरच चालू होतो, वयाची अट असते, आणि मुख्य भर अपघाती मृत्यूवर असतो. बँकेकडून त्याची पूर्ण पॉलिसी मागवा आणि ‘आजारपणातलं हॉस्पिटल’ हे शब्द सापडतात का बघा.

कृष्णकमळ

तुम्हा तिघांचे मनापासून आभार. पायवाट, आई बरी आहे हे आधी लिहिलंत ते फार बरं केलंत, मी तो परिच्छेद श्वास रोखून वाचत होते.

काल रात्री बाबांना ध्रुवतारा यांचा तो एकच प्रश्न विचारला. ते म्हणाले, “अर्थात सांगणार, न सांगून कसं चालेल?” मग मी म्हटलं, डॉक्टरला सांगणार आणि कंपनीला नाही, मग दोन्ही कागद एकत्र आले की काय होईल? ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग उठून कपाटातून अँजिओप्लास्टीची फाइल काढून माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाले, तारीख बरोबर लिही, मला महिना आठवत नाही. मला एकदम हलकं वाटलं.

दुसऱ्या प्लॅनची पूर्ण पॉलिसी मागवली. आहे तसाच तक्ता, पान एकोणीस. तिथेच तो प्लॅन संपला.

आता नवीन शंका. आईला स्वित्झर्लंडच्या आल्प्समधलं युंगफ्राउयोख बघायचंय, फोटो भिंतीवर चिकटवलाय. स्टेशन ३,४५४ मीटरवर. आगगाडीनेच जायचं, चढाई वगैरे नाही. पण पहिल्या प्लॅनच्या वगळलेल्या बाबींत ‘गिर्यारोहण व उंचीवरील साहसी उपक्रम’ लिहिलंय. वर काही झालं तर विमा मिळेल ना?

घाटमाथा

ट्रेकिंगसाठी सात-आठ वेळा असे विमे घेतलेत म्हणून सांगतो. पॉलिसीत दोन गोष्टी शोधा. एक म्हणजे मीटरमध्ये उंचीची मर्यादा दिलीय का. दुसरं, गिर्यारोहणाची व्याख्या, ज्यात बहुतेक दोर, बर्फाची कुऱ्हाड किंवा गाइड लागणारी चढाई असं लिहिलेलं असतं. तिकीट काढून गाडीत बसून वर जाणं त्या व्याख्येत येऊ नये. पण ‘उंचीवरील साहसी उपक्रम’ हे शब्द फार सैल आहेत. कंपनीला ईमेल करून नेमकं विचारा: सार्वजनिक रेल्वेने ३,४५४ मीटरवरच्या पर्यटनस्थळी जाणं यात धरता का? उत्तर आलं की छापून ठेवा.

वर गेल्यावर हिमनदीवर स्लेजिंग, झिपलाइन असे खेळ असतात. ते मात्र तपासल्याशिवाय करू नका. आणि डोंगरावरून हेलिकॉप्टरने उतरवायची वेळ आली तर त्याचं बिल रुग्णाच्या नावाने निघू शकतं, त्यामुळे शोध आणि सुटकेचा खर्च धरलाय का, ती ओळही बघा. संपूर्ण युरोपात ११२ लावला तर आणीबाणीची मदत मिळते, स्वित्झर्लंडमध्ये रुग्णवाहिकेला थेट १४४. आधी तो फोन करायचा, असिस्टन्सला त्यानंतर.

ध्रुवतारा

घाटमाथा यांच्याशी सहमत. पण ताई, तुमच्या बाबतीत गिर्यारोहणापेक्षा दुसरं कलम जास्त महत्त्वाचं आहे. जवळजवळ प्रत्येक पॉलिसीत असतं की वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध केलेल्या प्रवासाला विमा नाही. दोन तासांत साडेतीन हजार मीटरवर पोचणं निरोगी माणसालाही जाणवतं, हवेत प्राणवायूचा दाब कमी असतो, हृदयाला जास्त काम पडतं. तेव्हा बाबांच्या हृदयतज्ज्ञांना हा प्रवास चालेल का असं मोघम विचारू नका. उंची सांगा, किती वेळात चढणार ते सांगा, वर किती तास थांबणार ते सांगा. हो म्हणाले तर लेखी घ्या. नको म्हणाले तर बाबांनी खाली थांबावं, विमा असो वा नसो.

त्याच पत्रात निदान, स्टेंटची तारीख आणि चालू गोळ्या लिहून घ्या. गोळ्यांची मूळ औषधी नावं हवीत, दुकानातली नावं तिथे कुणी ओळखणार नाही.

तारखांचंही बघून घ्या. पॉलिसी निघायच्या दिवसापासून परतीच्या विमानाच्या पोचण्यापर्यंत चालली पाहिजे, वर दोन-तीन दिवस जास्त घ्या. मुदत वाढवून घ्यायची तर ती संपायच्या आत अर्ज करावा लागतो, आणि तोवर आजारी पडलं असेल तर ते अवघड होतं. विमान मधे कुठे थांबत असेल आणि तिथे शहरात उतरणार असाल, तर तो देश पॉलिसीच्या भूगोलात आहे का तेही बघा. फक्त शेंगेनपुरती पॉलिसी लंडनला चालणार नाही.

प्रवास रद्द झाल्याची भरपाई हवी असेल तर विमा आत्ताच घ्या, आठवडाभर आधी नको. ते संरक्षण बहुतेक पॉलिसी घेतल्या दिवसापासून लागू होतं, आणि एखादा संप किंवा आपत्ती बातम्यांत आल्यावर घेतलेल्या पॉलिसीत ती ‘आधीच माहीत असलेली घटना’ ठरते. २०१० च्या एप्रिलमध्ये आइसलंडच्या ज्वालामुखीच्या राखेने युरोपातली विमानं दिवसच्या दिवस बंद होती. तेव्हा राख म्हणजे ‘खराब हवामान’ की नाही, यावर कंपन्यांची उत्तरं वेगवेगळी आली होती. कारणांची यादी म्हणूनच शब्दन् शब्द वाचायची असते.

कृष्णकमळ

नऊ दिवसांनी लिहितेय, उशिराबद्दल क्षमस्व.

हृदयतज्ज्ञांनी बाबांची ताणचाचणी केली, प्रवासाला हरकत नाही म्हणाले, पण वर जायला मात्र नको सांगितलं. बाबा त्यांच्यापुढे गप्प होते, गाडीत बसल्यावर म्हणाले, मी खाली तलावाकाठी बसेन, तुम्ही दोघी जाऊन या. आईने फोटो भिंतीवरून काढला. मग तिनेच तो परत लावला, कारण बाबांनी तसं करायला सांगितलं.

तीन कंपन्यांना एकच ईमेल पाठवला होता. त्यात स्टेंटची तारीख, गोळ्या, बीपी, दोघांचं वय लिहिलं आणि विचारलं की हृदयाशी संबंधित तातडीच्या उपचारांना नेमके किती डॉलर मिळतील आणि वयाप्रमाणे काही उपमर्यादा आहेत का. एकीने माहितीपत्रकच परत पाठवलं. दुसरीने कळवलं की १०,००० च्या वर जाता येणार नाही. तिसरीने, जी माझ्या तक्त्यात नव्हतीच, चार पानांची प्रश्नावली पाठवली, हृदयतज्ज्ञांचं पत्र मागितलं आणि जादा हप्ता लावून स्टेंट आणि बीपी दोन्ही पूर्ण रकमेत घेतले. वयाचा तक्ता नाही. पहिले १०० डॉलर आपल्या खिशातून. मायदेशी आणण्याची रक्कम वेगळी आहे आणि एका सोबत्याचा जादा मुक्काम धरलाय. बाबांसाठी आणि आईसाठी तो घेतला, माझ्यासाठी पहिला. हप्ता बराच बसला. तेवढ्यासाठी इटलीतले शेवटचे दोन दिवस साध्या खोलीत काढणार आहोत.

प्रश्नावली बाबांनी स्वतःच्या हाताने भरली. ‘यापूर्वी शस्त्रक्रिया झाली आहे का’ यापुढे त्यांनी तारीख, हॉस्पिटल, डॉक्टर, आणि जागा पुरेना म्हणून समासात वळवून गोळ्यांची नावंही लिहिली.

पायवाट, असिस्टन्सचा नंबर तीन कागदांवर लिहून तिघांच्या पासपोर्टच्या कव्हरात ठेवलाय. आईने तिचा कागद काढून पर्समध्ये घातला. म्हणते, पासपोर्ट तुझ्याकडेच असतो.

ध्रुवतारा

आईंचं बरोबर आहे. कागद ज्याचा त्याच्या अंगावर हवा.

आता पॉलिसी हातात आली की नाव, जन्मतारीख आणि पासपोर्ट क्रमांक अक्षर अन् अक्षर पासपोर्टशी जुळवून बघा, आणि बाबांचा स्टेंट व आईंचं बीपी त्यांच्या त्यांच्या पॉलिसीच्या पानावर छापून आलेत का ते बघा. फक्त ईमेलमध्ये असतील तर दुरुस्तीपत्र मागा. आणि निघायच्या आठवड्यात त्या असिस्टन्स नंबरला एकदा फोन लावून बघा, शक्यतो रात्री.